मॅगझिन लिमिटच्या बिलाला विरोध करायचाय? आधी व्याख्येचं पान उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या राज्यात १० पेक्षा जास्त राऊंडच्या, म्हणजे गोळ्यांच्या, मॅगझिनवर (बंदुकीत बसणारा गोळ्यांचा डबा) बंदी आणणारं बिल आलंय. मी मूळचा नाशिकचा, आता ग्रीन कार्डवर. दोन वर्षांपूर्वी घरफोडी झाली त्यानंतर ९ एमएमचं पिस्तूल घेतलं, बॉक्समध्ये कंपनीचीच १५ राऊंडची दोन मॅगझिन्स होती. विरोध करायचा तर नेमकं काय करतात, आपल्यासारख्याच्या बोलण्याला कोण विचारतं, आणि मित्र म्हणतात पंधरा गोळ्या लागतात कशाला, त्यांना काय सांगू?"

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी या बिलांच्या विरोधात आहे, तेव्हा तटस्थ वगैरे समजू नका. नॉर्दर्न व्हर्जिनियात राहून वीसेक वर्षं झाली, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर आणि शनिवार-रविवार रेंजवर नवशिक्यांना पिस्तूल शिकवतो, आणि या विषयावर रिचमंडला, म्हणजे व्हर्जिनियाच्या राजधानीत, विधिमंडळाच्या कमिटीसमोर चार-पाच वेळा बोलून आलोय. लहानपण सांगलीकडचं, मामाकडे बारा बोअरची दुनळी होती आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची एवढाच माझा बंदुकीशी संबंध. म्हणजे मी काही या देशातल्या लोकांसारखा बंदूक उशाशी घेऊन वाढलेलो नाही. तुमचं राज्य लिहिलं नाहीत त्यामुळे मला जे माहितीय ते व्हर्जिनियाचं सांगतो, पद्धत थोडीफार सगळीकडे तशीच असते.

फरक पडतो का? पडतो, पण लोकांना वाटतं तिथे नाही.

२०१९ च्या ३१ मे ला व्हर्जिनिया बीचला सरकारी इमारतीत एकाने गोळीबार केला, १२ माणसं गेली. पॉइंट फोर्टी-फाईव्हची पिस्तुलं आणि एक्स्टेंडेड मॅगझिन्स वापरलेली. गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी जुलैत खास अधिवेशन बोलावलं, रिपब्लिकन बहुमताने ते दीडेक तासात गुंडाळलं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली. मग जानेवारी २०२० ला एचबी ९६१ नावाचं बिल आलं. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या पण आपल्या कामाचं म्हणजे १२ पेक्षा जास्त राऊंडचं मॅगझिन नुसतं जवळ असणं हाच गुन्हा. आता विचार करा, नेहमीच्या विक्रीतलं ग्लॉक १९ घेतलं तर त्याचं स्टँडर्ड मॅगझिन १५ चं, ग्लॉक १७ चं १७ चं. माझ्या क्लासला येणाऱ्या दहा जणांतले सात-आठ जण एका तारखेनंतर घरबसल्या गुन्हेगार झाले असते.

२० जानेवारीला रिचमंडला असल्या बिलांच्या विरोधात बावीस हजारांच्या आसपास लोक जमले. कडाक्याची थंडी, मी पण होतो, पायाची बोटं बधिर झालेली. राज्यभरातल्या बहुतेक काऊंट्यांनी आम्ही असला कायदा राबवणार नाही असे ठराव केलेले. टीव्हीवर दिवसभर तेच. आणि ११ फेब्रुवारीला हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, बिल ५१ विरुद्ध ४८ ने पास केलं! मोर्च्यानंतर तीन आठवड्यांनी. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी तिथेच हात टेकले.

ते बिल अडलं १७ फेब्रुवारीला, सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीत, १० विरुद्ध ५ मतांनी. चार डेमोक्रॅट सिनेटर रिपब्लिकनांबरोबर गेले आणि बिल अभ्यासासाठी स्टेट क्राईम कमिशनकडे पाठवलं, म्हणजे त्या वर्षापुरतं शीतपेटीत. त्या चौघांपैकी कोणी बंदूकवाल्यांचा जानी दोस्त नव्हता, त्याच हंगामात बॅकग्राऊंड चेक, रेड फ्लॅग (धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक तात्पुरती काढून घेणं) असली बाकीची बिलं पास झालीच. त्यांची अडचण होती बिलातल्या व्याख्या. कशाला काय म्हणायचं, कोण सापडणार, हे धड बसत नव्हतं. मोर्च्याचा आणि काऊंट्यांच्या ठरावांचा दबाव नव्हता असं मी म्हणणार नाही, होताच. पण दबावाखाली असलेल्या माणसाला मत बदलायला एक सभ्य कारण लागतं, ते कारण व्याख्येच्या पानावर मिळालं.

याच्या उलट कोलोरॅडो बघा. २०१३ ला त्यांनी १५ ची मर्यादा आणली, १ जुलैपासून लागू. विरोध जबरदस्त झाला पण खरा भडका उडाला तो बिल पास झाल्यावर. सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि अँजेला हिरोन या दोघांना सप्टेंबरमध्ये रिकॉल करून, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन, घरी बसवलं, मॅगपुल नावाची मॅगझिन बनवणारी कंपनी राज्य सोडून गेली, पन्नासहून जास्त शेरीफ, म्हणजे काऊंट्यांचे पोलीसप्रमुख, कोर्टात गेले. आणि कायदा? अजून तिथेच आहे. कोर्टाने २०१४ ला उचलून धरला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२० ला पुन्हा.

म्हणून कोणी म्हणालं की होऊ दे पास, कोर्ट बघून घेईल, तर ऐकू नका. कॅलिफोर्नियाच्या केसचं काय झालं ते सांगतो. न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च २०१९ ला बंदी रद्द केली, आठवडाभर लोकांनी धडाधड मॅगझिन्स मागवली, मग स्थगिती. २०२० ला अपीलच्या तीन न्यायाधीशांनी बेनिटेझना बरोबर म्हटलं, २०२१ ला मोठ्या बेंचने चूक म्हटलं, २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा बंदुकीच्या हक्काबद्दलचा ब्रूएन निकाल आला म्हणून सगळं परत खाली, २०२३ ला बेनिटेझ यांनी पुन्हा रद्द केली आणि मार्च २०२५ ला मोठ्या बेंचने ७ विरुद्ध ४ ने पुन्हा कायदा वैध ठरवला. वॉशिंग्टन राज्यात एका काऊंटीच्या न्यायाधीशाने २०२४ ला बंदी रद्द केली, स्थगिती त्याच दिवशी, दुकानाबाहेर लाईन लागलेली असताना, आणि मे २०२५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने कायदा ठेवला. ऱ्होड आयलंडची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२५ ला ऐकायलाच नकार दिला. उद्या चित्र बदलेलही, पण तोवर तुमची दोन मॅगझिन्स कुठे ठेवणार? बिल कमिटीत अडलं तर अडलं. पुढे सगळं महाग आणि लांबचं.

आता मुख्य काम. बिलाचा मजकूर राज्याच्या विधिमंडळाच्या साईटवर असतो, बातमीवर जाऊ नका, तो मजकूर प्रिंट करा. आणि आकड्याकडे बघायच्या आधी व्याख्या बघा. सगळे जण १० का १५ यावर भांडतात आणि खरी गोम चार ओळी वर असते.

मी क्लासमध्ये एक गोष्ट दाखवतो ती तुम्ही घरी करून बघा. रिकामं मॅगझिन घ्या, आधी दोनदा खात्री करा रिकामं आहे. खालच्या बेसप्लेटला मध्ये एक छोटं भोक असतं, त्यात पंचने दाबायचं, आणि प्लेट पुढे सरकवायची. अंगठा वर धरून ठेवा नाहीतर स्प्रिंग उडून सरळ फ्रिजखाली जाते, माझ्या स्वयंपाकघरात गेलीय. आता तुमच्या समोर मुख्य चार वस्तू आहेत: पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची नळकांडी, स्प्रिंग, गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर आणि खालची प्लेट. संपलं, मॅगझिन म्हणजे एवढंच. दर थोड्या दिवसांनी ते असं उघडून पुसावं लागतं, आत धूळ आणि बंदुकीच्या दारूची काजळी बसते. आणि ज्या जागी ही प्लेट बसते तिथेच जरा लांब प्लेट बसवली की दोन-तीन राऊंड जास्त मावतात.

आता बिलात वाक्य असतं की १० पेक्षा जास्त राऊंड मावणारं "किंवा सहज बदल करून तेवढं करता येणारं" मॅगझिन. हे "सहज" म्हणजे काय? प्लेट काढता येते म्हणजे सहज? मग १० चं मॅगझिनसुद्धा बेकायदा, कारण प्लेट त्याचीही निघते. कोलोरॅडोत नेमका हाच घोळ झाला, शेवटी राज्याच्या ॲटर्नी जनरलना (सरकारचे मुख्य वकील) वेगळं मार्गदर्शन काढून सांगावं लागलं की प्लेट निघते एवढ्यावरून मॅगझिन बेकायदा होत नाही. पण ते मार्गदर्शन होतं, कायद्याच्या मजकुरात ते नव्हतं. पुढचा ॲटर्नी जनरल वेगळं म्हणाला तर? मी एकदा आमच्या डेलिगेटच्या, म्हणजे खालच्या सभागृहातल्या आमदाराच्या, ऑफिसात त्यांच्या मदतनीस मुलीला मॅगझिनचा मोठा फोटो, सुटे भाग करून, टेबलावर ठेवून हे समजावलं. तिने आयुष्यात मॅगझिन पाहिलं नव्हतं, आणि बिलाच्या टिपणाचा ड्राफ्ट तीच लिहीत होती. वीस मिनिटांत तिने मला असा प्रश्न विचारला जो मलाही सुचला नव्हता, वारसाने आलेल्या मॅगझिनचं काय. असे वीस मिनिट शंभर ईमेलना भारी.

दुसरं म्हणजे "राऊंड मावतात" हे कुठल्या राऊंडचं मोजायचं. हेन्री कंपनीची साधी लिव्हर ॲक्शन पॉइंट टू-टू रायफल असते, पोरांना शिकवायला वापरतात, तिच्या नळीत लाँग रायफल नावाची काडतुसं १५ मावतात आणि शॉर्ट, म्हणजे आखूड, २१. बंदूक तीच. म्हणून बऱ्याच राज्यांनी टू-टूच्या नळीला सूट दिलीय, तुमच्या बिलात आहे का बघा. शॉटगनच्या नळीत आखूड शेल्स घातल्या की आकडा जवळजवळ दुप्पट. कॅनडात मर्यादा पाचची आहे सेमी-ऑटो रायफलला, तिथे लोकांनी पॉइंट फिफ्टी बेओवुल्फ या जाड काडतुसासाठीचं पाचचं मॅगझिन घेऊन त्यात बारीक काडतुसं भरली, कारण मॅगझिन ज्या काडतुसासाठी बनवलं त्यावर मोजणी होती. मला कोणाला पळवाट शिकवायची नाहीये, मुद्दा असा की डब्याचा आकार कायद्यात पकडणं अवघड आहे, आणि ज्यांनी बिल लिहिलं त्यांनी बहुतेक वेळा हे करून पाहिलेलं नसतं.

मग बघायचं विक्रीवर बंदी आहे की जवळ बाळगण्यावर. हा फरक जमीन-अस्मानाचा. वॉशिंग्टन राज्याने २०२२ ला विक्री, निर्मिती, बाहेरून आणणं बंद केलं, घरात होती ती राहिली. न्यू जर्सीने २०१८ ला १५ ची मर्यादा १० वर आणताना घरात असलेल्यांनाही १८० दिवसांची मुदत दिली, विका, कायमचं बदलून घ्या नाहीतर जमा करा. तुमच्या बिलात दुसरा प्रकार असेल तर सगळी ताकद आधी त्या एका कलमावर लावा. पूर्ण बिल पडलं नाही तरी ते कलम गळून पडू शकतं, आणि तुमच्या कपाटातल्या दोन मॅगझिन्सचा प्रश्न तिथेच सुटतो. आमच्यातले कट्टर लोक याला फितुरी म्हणतात, दुरुस्ती सुचवली म्हणजे बिल मान्य केलं. मला नाही पटत. साक्षीत सांगायचं की माझा पूर्ण विरोध आहे, आणि तुम्ही करणारच असाल तर निदान हे कलम काढा.

पोलिसांची सूटही वाचा. न्यूयॉर्कने जानेवारी २०१३ ला सेफ ॲक्ट हा बंदुकांचा कायदा एका रात्रीत रेटला, नेहमीचे तीन दिवस थांबायचे ते पण माफ करून घेतले, आणि नंतर लक्षात आलं की पोलिसांना सूट द्यायचीच राहिली. त्याच कायद्यात अट होती की १० चं मॅगझिन चालेल पण भरायचे ७ च राऊंड! ती अट फेडरल कोर्टाने त्याच वर्षाच्या शेवटी उडवली, बाकी कायदा राहिला. घाईत लिहिलेल्या बिलाचं उदाहरण म्हणून कमिटीत हे एक वाक्य पुरतं, कारण कुठल्याही आमदाराला आपलं नाव अशा फजितीला चिकटलेलं नको असतं. निवृत्त पोलिसांना सूट असेल तर शांतपणे विचारा की पासष्ट वर्षांच्या निवृत्त माणसाला घरी १७ लागतात आणि शेजारच्या विधवा बाईला १० पुरतात, हे कसं.

आता तुमच्या ग्रीन कार्डाचं, कारण हे इंग्रजीतले सल्ले देणारे कोणी सांगत नाहीत. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक ठेवता येते. एच-वन बी वगैरे व्हिसावर असणाऱ्याला साधारणपणे नाही, शिकारीचा वैध परवाना यासारखे थोडे अपवाद सोडून, तेव्हा तुमचा एखादा मित्र हौसेने रेंजवर येत असेल तर त्याला आधी वकिलाकडे पाठवा. आणि इमिग्रेशन कायद्यात फायरआर्मसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं एक स्वतंत्र कारण आहे. नुसतं मॅगझिन त्यात बसतं की नाही यावर वकील तासभर वाद घालतील, पण तो वाद तुमच्या नावाच्या फाईलवर व्हायला नको. जन्माने नागरिक असलेल्याला जो दंड भरून विसरता येईल असा गुन्हा आहे तो तुमच्यासाठी घर, नोकरी, पोरांची शाळा सगळं पणाला लावणारा असू शकतो. माझ्या मते तुमच्या साक्षीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि तो खोलीत दुसरं कोणी मांडणार नाही. साक्ष द्यायला नागरिक असावंच लागतं असंही नाही, तुम्ही त्या राज्यात राहता, कर भरता.

माझाच एक किस्सा. २०२३ ला गणपतीला न्यू जर्सीत एडिसनला मावसभावाकडे निघालो, पहाटे घर सोडलं, बायको-पोरं मागे झोपलेली. डेलावेअरच्या वेलकम सेंटरला कॉफीला थांबलो, डिकीतून मोदकाचा डबा काढताना खाली रेंजची बॅग दिसली. पिस्तूल नव्हतं, पण बाजूच्या कप्प्यात १५ चं एक रिकामं मॅगझिन, आदल्या रविवारच्या क्लासचं. व्हर्जिनियात ते कायदेशीर. मेरीलँडमध्ये विकता-घेता येत नाही पण जवळ असलं तर चालतं. मी उभा होतो त्या डेलावेअरमध्ये मर्यादा १७, म्हणजे चालतं. आणि पुढचा पूल ओलांडला की न्यू जर्सी, तिथे १० च्या वर म्हणजे गुन्हा. हातात पत्र्याचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात मोदक, आणि मी डोक्यात राज्यं मोजतोय. शेवटी नेवार्कला, डेलावेअरच्या नेवार्कला हां, एक जुना विद्यार्थी राहतो त्याला उठवून त्याच्याकडे ठेवलं, आरती चुकली आणि दिवसभर मावशीची बोलणी खाल्ली. हे मी कमिटीत सांगितलंय, मोदकासकट. लोक हसले, पण नंतर एका सिनेटरने मला बाहेर गाठून विचारलं की प्रवासाला सूट कुठल्या कलमात आहे. नव्हतीच.

आता मित्रांचा प्रश्न, पंधरा कशाला. इथे आपले लोक एक मोठी चूक करतात आणि समोरचा वकील बरोबर पकडतो. एक जण उठून सांगतो की मॅगझिन बदलायला दोन सेकंद लागतात, त्यामुळे मर्यादेने हल्लेखोराला काही फरक पडत नाही. त्याच्या मागचा उठून सांगतो की मला १५ हवेत कारण घाबरलेल्या माणसाला मॅगझिन बदलता येत नाही. अरे बाबांनो, ठरवा काय ते! कमिटीतली एक बाई एकदा म्हणाल्याच, दोन्ही खरं कसं असेल. खरं दोन्ही आहे, पण माणूस वेगळा आहे हे सांगावं लागतं. हल्ला करणारा वेळ ठरवून येतो, कमरेला सहा-सात मॅगझिन्स, कधी दुसरी बंदूक, सराव केलेला. रात्री दोनला लेंग्यावर उठलेल्या माणसाकडे बंदुकीत आहे तेवढंच असतं, दुसऱ्या हातात फोन किंवा पोर, चष्मा सापडत नाहीये. मी क्लासमध्ये टायमर लावून घेतो. आरामात उभा असलेला विद्यार्थी तीन-चार सेकंदांत बदलतो, त्यालाच शंभर फूट पळवून आणून, मागून ओरडत, एका हाताने बदलायला सांगितलं की मॅगझिन उलटं घालतो, खाली पाडतो, काही जण तर बटणच विसरतात. ही माझी रेंजवरची निरीक्षणं, याला संशोधन म्हणू नका आणि साक्षीतही तसं म्हणू नका.

राज्यांचे वकील कोर्टात एक आकडा आणतात की स्वसंरक्षणात सरासरी २.२ गोळ्या झाडल्या जातात. तो कुठल्या घटना निवडून काढला यावर वाद आहे, पण समजा बरोबर आहे. सरासरीने काय होतं? नदीची सरासरी खोली कमरेएवढी म्हणून कोणी पोरांना घेऊन उतरत नाही. बहुतेकांना कधी बंदूक काढावीच लागत नाही, मलाही नाही, देव करो आणि तशीच राहो. मित्रांना मी एवढंच म्हणतो की १५ हा आकडा मी निवडला नाही, पिस्तुलाच्या मुठीत जेवढं मावतं तेवढं कंपनीने दिलं, आणि पोलीसही तेच वापरतात. ऑलिम्पिकचं उदाहरण मात्र देऊ नका. आपली नेमबाज राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलला उतरते तेव्हा मॅगझिनमध्ये पाचच राऊंड भरते. खेळासाठी ३० लागतात असं सांगायला गेलात आणि समोर कोणी जाणकार निघाला तर तोंडावर पडाल.

आणि समोरच्यांचा सगळ्यात जड मुद्दा टाळू नका. ॲरिझोनातल्या टूसॉनचा गोळीबार, ८ जानेवारी २०११. हल्लेखोराकडे ३३ राऊंडचं मॅगझिन होतं, ते संपल्यावर दुसरं घालताना लोकांनी त्याला खाली पाडलं. त्यात जखमी झालेल्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी २०१३ ला अमेरिकन सिनेटच्या कमिटीसमोर सांगितलं की १३ वी गोळी नऊ वर्षांच्या मुलीला लागली, म्हणजे १० चं मॅगझिन असतं तर. याला हसण्यावारी नेणारा माणूस त्या खोलीत हरतो, आणि हरलाच पाहिजे. माझं उत्तर असतं की ३३ चं, मुठीच्या खाली वीतभर लोंबणारं मॅगझिन आणि कारखान्यातून येणारं १५ चं यात फरक करा. तुमचं बिल तो करत नाही. ३३ साठी मी स्वतः जीव टाकणार नाही, आमचे काही मित्र यावरून माझ्याशी दोन महिने बोलत नव्हते.

दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार आहे, २००७, ३२ जण गेले, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती, आमच्या इथल्या मराठी घरांत ते नाव अजून निघतं. हल्लेखोराने साधी पिस्तुलं वापरली, १० आणि १५ ची मॅगझिन्स, पण ढीगभर आणलेली. गव्हर्नरांनी नेमलेल्या पॅनेलने अहवालात लिहिलं की १० ची मर्यादा असती तरी फारसा फरक पडला नसता. कोलंबाईन शाळेतला गोळीबार १९९९ ला झाला तेव्हा देशभर १० ची मर्यादा होतीच, १९९४ ते २००४ चा फेडरल कायदा. तिथल्या दोन हल्लेखोरांपैकी एकाने कार्बाईनमधून (आखूड रायफल) ९६ राऊंड झाडले ते १०-१० च्या मॅगझिन्समधून. पण प्रामाणिकपणे पुढचं वाक्यही सांगा, दुसऱ्याकडे मोठी मॅगझिन्स होती. तेच त्या फेडरल कायद्यावरच्या, संशोधक क्रिस्टोफर कोपर यांच्या २००४ च्या अभ्यासाचं. आपले लोक त्यातलं एक वाक्य नाचवतात की कायद्याचा परिणाम फार तर थोडा असेल, कदाचित मोजताही येणार नाही इतका. बरोबर आहे, तसं लिहिलंय. पण जुनी मॅगझिन्स बाजारात प्रचंड होती हे कारणही त्यातच आहे, आणि तेच कोपर पुढे राज्यांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिलेत. अर्धं वाक्य तुम्ही वाचलंत तर उरलेलं अर्धं समोरचा वाचणार.

बाकी किरकोळ. पहिल्या साक्षीला मी चार पानं लिहून नेली होती, सेकंड अमेंडमेंटच्या (राज्यघटनेतला शस्त्र बाळगण्याचा हक्क) इतिहासापासून सुरुवात, त्यावरच्या सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या हेलर निकालापर्यंत आलो तर लाल दिवा लागला आणि अध्यक्ष म्हणाले थँक यू. दोन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर एकच. नाव, कुठल्या भागात राहता, बिलाचा नंबर, विरोध, एक कलम, एक अनुभव, बास. कमिटीत कोण काठावर आहे ते शोधा, मागच्या दोन वर्षांची मतं साईटवर दिसतात, जो आधीच तुमच्या बाजूचा आहे त्याला पटवत बसू नका. खर्चाचं टिपण बघा. आमच्या राज्यात तुरुंगवास वाढवणाऱ्या बिलाला खर्चाचा अंदाज लावावा लागतो आणि अंदाज येत नसेल तर कमीत कमी ५०,००० डॉलर धरतात, पैशाचा प्रश्न आला की काही सिनेटर जागे होतात. "हाय कपॅसिटी नाही, स्टँडर्ड कपॅसिटी म्हणा" असल्या शब्दांच्या मारामारीत दोन मिनिटं घालवू नका. बंदूक, बंदुकीचं चित्र असलेला टी-शर्ट, धमकीवजा बोर्ड, यातलं काही नको, फॉर्मल शर्ट घाला. आणि महाराष्ट्र मंडळाच्या लेटरहेडवर काही लिहू नका, अध्यक्ष कितीही जवळचा असला तरी. मंडळात निम्मे लोक बिलाच्या बाजूचे असणार आणि पुढच्या दिवाळी कार्यक्रमात तुमच्या ताटात त्याचा हिशोब होईल.

बिलाचा नंबर कळवा, व्याख्येचं पान मी वाचून ठेवतो. साक्षीचा ड्राफ्टही पाठवा, फक्त अडीचशे शब्दांच्या वर नको, आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावलेला असू दे.